सुईखालचा ओटा

२००६ साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. शनिवारी सकाळी औसा रोडच्या साइटवर विटा भिजवून घेत उभा होतो, तेवढ्यात डॉक्टर मॅडमचा फोन आला.

"मिस्त्री, तुमचा ओटा हलतोय."

मी म्हणालो, "मॅडम, माझा ओटा हलत नसतो. दुसरं काहीतरी हलत असंल."

"या आणि बघा," म्हणाल्या, अन् फोन ठेवला.

मी गवंडी. शिक्षण तिसरीपर्यंत, तेही देगलूरच्या शाळेत. भूकंप झाला तेव्हा गावं नव्यानं बांधायला माणसं पाहिजे होती, म्हणून लातूरला आलो तो इथलाच झालो. सरकारी इंजिनिअरनं आम्हा मिस्त्र्यांना तंबूत बसवून शिकवलं होतं. जोत्याला काँक्रीटची पट्टी, खिडकीखाली पट्टी, दरवाजाच्या वर पट्टी, कोपऱ्यात सळई. सगळं घर एकमेकाला धरून राहिलं पाहिजे. सुटं राहिलं ते मेलं. ते शिक्षण मी तिसरीच्या पुस्तकापेक्षा पक्कं पाठ केलं. तेरा वर्षांत माझ्या हातच्या भिंतीला तडा गेला असं कुणी दाखवावं, मी थापी खाली ठेवीन, असं मी चारचौघात म्हणत असे. अजून म्हणतो.

मॅडमचं टेस्ट ट्यूब बेबीचं सेंटर क्लासच्या गल्लीत होतं. त्या गल्लीत एका दारावर कोचिंगची पाटी, तर दुसऱ्या दारावर मेसची. सकाळी सहापासून पोरांच्या सायकली. सेंटर तळमजल्यावर, अन् डोक्यावर पहिल्या मजल्यावर फिजिक्सचा क्लास. सेंटरमधली लॅब मीच चार महिन्यांआधी बांधून दिली होती. त्यात मायक्रोस्कोप ठेवायला एक ओटा. तो ओटा असा बांधला होता की वरून ट्रक गेला असता तरी चालला असता.

गेलो तर लॅबच्या दारात गौरी उभी. ही मॅडमकडं लॅब सांभाळणारी पोरगी. नांदेडची, सत्ताविशीतली, लई हुशार अन् तेवढीच हट्टी. मला काका म्हणायची.

"चप्पल काढा काका. टोपी घाला. हात धुवा. आता ह्या टीव्हीकडं बघा."

मायक्रोस्कोपला टीव्ही जोडलेला होता. त्यावर दोन काचेच्या नळ्या दिसत होत्या, एक डावीकडून, एक उजवीकडून. उजवीकडची म्हणजे सुई. केसाहून बारीक. टीव्हीवर ती माझ्या करंगळीएवढी जाड दिसत होती, अन् ती थरथरत होती. थंडी वाजलेल्या माणसागत. मधूनच एवढा झटका द्यायची की पडद्याबाहेर जायची.

"तुझा हात हलत असंल," मी म्हणालो.

गौरीनं दोन्ही हात वर केले. सुई थरथरतच राहिली.

मग तिनं मला समजावून सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. साध्या टेस्ट ट्यूब बेबीत काचेच्या वाटीत बाईचं बीज ठेवतात अन् भोवती नवऱ्याचे ढीगभर शुक्राणू सोडतात. त्यातला एक आपला आपण आत शिरतो. पण नवऱ्याचे शुक्राणूच मोजके अन् मरगळलेले असले, तर एकालाही शिरायचं बळ नसतं. मग त्यातला एक बरा निवडायचा, सुईत ओढायचा, डाव्या नळीनं बीज धरून ठेवायचं, अन् उजव्या सुईनं त्याच्या पोटात तो शुक्राणू नेऊन सोडायचा. ह्याला इक्सी म्हणतात. शेतात मूठभर बी फेकायचं तसं हे नव्हे. हे एकेक दाणा टोकून लावायचं काम.

"आणि टोकताना हात हलला तर?" मी विचारलं.

"बीज फाटतं काका. फाटलं की गेलं. शिवता येत नाही."

"कधी लागणार तुला हे?"

"सोमवारी. आपल्या सेंटरची पहिलीच केस आहे."

केस म्हणजे कोण, ते मला बाहेरच भेटलं. बाकावर नवरा-बायको बसलेले. शिरूर अनंतपाळकडचा बालाजी अन् त्याची सुमन. बालाजी चाळिशीला टेकलेला, शेतकरी, रुमाल खांद्यावर. मी मिस्त्री आहे कळल्यावर सुमननं विचारलं, "भूकंपानंतरची घरं बांधली ते का तुमी?"

"बांधली. तीन गावांत."

"माझं माहेर गेलं त्यात. आई अन् दोन भाऊ. वडील हायेत, नव्या वसाहतीत राहतेत. घर मजबूत हाय म्हणतेत."

माझी छाती फुगली. मी म्हणालो, "कोणी बांधलं असंल ते असंल, बाई, पण शिकलो आम्ही एकाच तंबूत."

बालाजी मधेच म्हणाला, "मिस्त्री, सुई हलून राहिली म्हणं. खरं हाय का?"

"हाय. पण बघतो ना मी."

"बघा." त्यानं खांद्यावरचा रुमाल सारखा केला. मग असा बोलला की बाजूच्या बाकावरच्या दोन बायाही ऐकायला लागल्या. "तेरा वर्षं हिला वांझ म्हणले लोकं. माझी आई म्हणली, वहिन्या म्हणल्या. तपासलं तर दोष माझ्यात निघाला. मी भावकीला पारावर बोलावून सांगितलं, दोष माझा हाय, आता कुणी हिला बोललं तर माझ्याशी गाठ हाय. हसले काही लोकं. हसू द्या."

सुमन खाली बघून म्हणाली, "सांगायचं काय काम होतं एवढं."

"होतं," बालाजी म्हणाला.

मॅडमनं मला केबिनमध्ये बोलावलं. त्या पन्नाशीच्या, लातूरच्याच. सरळ मुद्द्यावर आल्या.

"मिस्त्री, सुमनच्या अंगात बीजं आधीच थोडी आहेत. तिला दहा दिवस इंजेक्शनं देऊन ती वाढवली. आज रात्री नऊला शेवटचं इंजेक्शन द्यायचं. ते दिलं की बरोबर छत्तीस तासांनी बीजं काढावी लागतात. मग थांबता येत नाही. आणि नाही दिलं, तर हा महिना वाया. पुन्हा एवढी बीजं येतील याची मला खात्री नाही."

"पुण्याला, हैदराबादला न्या मग."

"तिथं पहिल्यापासून सुरू करावं लागेल. कंपनीला फोन केला. ते हादरे न लागणारं टेबल पाठवतो म्हणाले, दीड महिन्यानं. तुम्ही मला संध्याकाळी सहाला सांगा. होणार की नाही."

मी बाहेर आलो तेव्हा वरची बॅच सुटली. दीडशे पोरं एकदम उठली. बेंच ओढले. जिना धडधडला. मी लॅबच्या दारातून बघितलं, सुई नुसती नाचत होती.

सापडला चोर, मी म्हणालो.

तसाच जिना चढून वर गेलो. पुढची बॅच येऊन बसत होती. फळ्यापाशी सर उभे, हातात खडू. पस्तिशीचे, किडकिडीत, नांदेडला शिकून इथं आलेले. मी दारातूनच ओरडलो, "सर, क्लास चालवता का म्हशी बांधल्यात वर? खाली एका बाईचं लेकरू तुमच्या पोरांच्या पायाखाली येऊन राहिलंय."

दीडशे पोरं गप्प. मग मागून कुणीतरी हंबरलं, अन् सगळा वर्ग हसला. सर लाल झाले. पण आवाज चढवला नाही.

"मिस्त्री, नेमकं काय झालंय ते सांगा."

मी सांगितलं. सरांनी खडू ठेवला. "पोरांनो, तासभर सगळे बाहेर. ग्राउंडवर जाऊन बसा. पाय न वाजवता उतरायचं."

लातुरात क्लासचा एक तास सोडणं म्हणजे काय, हे लातूरकरांनाच कळेल. तिथं घरी मयत असली तरी पोरगं टेस्ट देऊन मग जातं. तरी सरांनी वर्ग रिकामा केला अन् माझ्याबरोबर खाली आले. आम्ही तिघं टीव्हीसमोर उभे राहिलो. वर चिटपाखरू नव्हतं.

सुई थरथरत होती.

थोडी कमी, पण थरथरत होती. रस्त्यावरून ऑटो गेला, थरथरली. गच्चीच्या टाकीला पाणी चढवायची मोटार सुरू झाली, तेव्हा तर सुई अशी फडफडली की गौरीनं डोळे मिटले.

सर माझ्याकडं बघून म्हणाले, "म्हशी तर गेल्या मिस्त्री."

  सर वर निघून गेले.

आता माझी खोपडी तापली. मी गौरीला तीन थाळ्या मागितल्या. स्टीलच्या, जेवायच्या. तिन्हीत काठोकाठ पाणी भरलं. एक लॅबच्या फरशीवर ठेवली, एक खिडकीच्या कट्ट्यावर, एक माझ्या ओट्यावर. गवंड्याला पाण्यासारखा इमानदार यार नाही. लेव्हलची नळी खोटं बोलत नाही, थाळीही बोलत नाही. मोटार चालू करायला लावली अन् मी उकिडवा बसून बघत राहिलो.

फरशीवरच्या थाळीत बारीक कापरं. खिडकीतल्या थाळीत गोल गोल वलयं. अन् ओट्यावरच्या थाळीत पाणी उकळल्यासारखं.

जमीन गप्प होती. ओटा नाचत होता. म्हणजे हादरा जमिनीतून येतच नव्हता. तो भिंतीतून येत होता. भिंतीतून अन् कॉलममधून.

मी उठून उभा राहिलो, कारण भिंतीतून ओट्यात हादरा कसा जातो हे त्या इमारतीत फक्त मला माहीत होतं. ओट्याच्या सळया मी स्वतः कॉलमच्या सळयांना बांधल्या होत्या. आठ सळया. भिंतीत वीतभर खोल. कंपनीनं जो नकाशा पाठवला होता, त्यात टेबल भिंतीपासून चार बोटं सुटं दाखवलं होतं. मी तो कागद बघून हसलो होतो. म्हणालो होतो, ही मुंबईची माणसं, ह्यांनी भूकंप बघितला न्हाई. ओटा सुटा ठेवला अन् उद्या जमीन हलली तर लाखाचं यंत्र आडवं होईल. मॅडमनाही ते पटलं होतं. भूकंप त्यांनीही बघितला होता. लातुरात भिंतीला सळई जास्त बांधली म्हणून कुणी गवंड्याला नावं ठेवत नाही.

तर मी केलं होतं ते असं. गच्चीवरची मोटार, वरचा वर्ग, रस्त्यावरचे ऑटो, ह्या सगळ्यांचा हादरा कॉलम गोळा करत होता, अन् मी बांधलेल्या आठ सळया तो इमानानं सुईपर्यंत पोचवत होत्या. आडत्याकडं माल पोचवावा तसा.

गौरी माझ्या मागं उभी होती. तिनंही थाळ्या बघितल्या. म्हणाली, "काका, ड्रॉइंगमध्ये गॅप होती ना?"

"होती."

एवढंच विचारून तिनं थाळ्या उचलल्या, हा तिचा मोठेपणा.

सहाला मॅडमच्या समोर उभा राहिलो. त्यांनी विचारलं, "होणार का?"

कसं करायचं ते अजून मला पुरतं माहीत नव्हतं. ओटा सुटा करायचा एवढंच कळलं होतं. पण मी म्हणालो, "द्या इंजेक्शन."

"मिस्त्री, ही भिंत नाही. चुकलं तर पाडून परत बांधता येणार नाही."

"माहीत हाय. द्या."

बालाजी दारात ऐकत उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं मला जेवढी धास्ती वाटली तेवढी तिसऱ्या मजल्याला बांबूचा पहाड बांधून त्यावर चढतानाही कधी वाटली नाही. रात्री नऊला सुमनला इंजेक्शन दिलं. आता घड्याळ सुरू झालं होतं. सोमवारी सकाळी नऊ.

रविवारी सकाळी सहाला मी माझ्या जुन्या कामगारणीला, कौसल्याला, घेऊन आलो. गौरीनं आमच्यापुढं अटी ठेवल्या. मशीन लावायची नाही. सिमेंट नाही, रंग नाही, थिनर नाही, चिकटवायचं काही नाही. कसलाही वास नाही. बीजाला वास मारतो म्हणे. उबेची पेटी, म्हणजे बीज ठेवायचं इनक्युबेटर, तिनं आधीच लांबच्या खोलीत हलवली होती. ती रिकामीच होती, म्हणून जमलं.

"मग तोडू कशानं, फुंकर मारून?" मी म्हणालो.

"छिन्नीनं. आणि धूळ उडाली तर मी तुम्हाला बाहेर काढीन."

खोली प्लास्टिकनं बांधली. गोणपाटं भिजवून अंथरली. कौसल्या एका हातानं पाण्याची धार सोडत होती अन् मी छिन्नी मारत होतो. स्वतःचं काम तोडणं सोपं नसतं. मी लई पक्कं बांधलं होतं, बापा. एकेक सळई उघडी करायला अर्धा तास. छिन्नी उडून परत यायची. मी मनात त्या गवंड्याला शिव्या दिल्या, अन् त्याचं कौतुकही केलं. आठ सळया करवतीनं कापल्या. ओटा भिंतीपासून चार बोटं सुटा झाला. आता तो आपल्या दोन पायांवर फरशीवर उभा राहिला.

दुपारी बारा वाजता राडा धुऊन पुसून गौरीनं सुई लावली. मोटार चालू केली. सुई थरथरली, पण पाव हिश्शानं.

"छान," मी म्हणालो.

"नाही काका. बीज फाटायला एवढंही पुरतं."

तेवढ्यात वर रविवारची टेस्ट संपली. दीडशे पोरांनी बेंच ओढले. सुईनं एक मोठी उडी घेतली.

मी भिंतीला टेकून खाली बसलो. एकवीस तास राहिले होते.

टेस्ट संपवून सर खाली आले. मी बोलावलं नव्हतं. दारातूनच म्हणाले, "मिस्त्री, वर जड ठेवा, खाली मऊ ठेवा. जेवढं जड तेवढं बरं, जेवढं मऊ तेवढं बरं. हादरा मऊमध्ये जिरतो, जड वस्तू जागची हलत नाही. पुस्तकात आहे."

मी वैतागलेला होतो. म्हणालो, "सर, पन्नास वर्षं गवंडीकाम केलं. खाली मऊ ठेवून वर जड ठेवणाऱ्याला आम्ही गाढव म्हणतो. पायात कापूस भरू का?"

"मी सांगायचं काम केलं," सर म्हणाले, अन् गेले.

कौसल्या राडारोडा बाहेर नेत होती. घमेलं उचलायच्या आधी तिनं लुगड्याच्या फडक्याची चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली, वर घमेलं. अन् चालली. पायऱ्या उतरली, उंबरा ओलांडला, अन् डोक्यावरचं ओलं घमेलं जागचं हललं नाही. खाली कंबर हलत होती, मान हलत होती, वर घमेलं गप्प.

पन्नास वर्षं मी रोज बाया-माणसं चुंबळ घेऊन जाताना बघत होतो.

"कौसल्या, थांब."

"काय झालं?"

"तुझ्या डोक्यावर काय हाय?"

"घमेलं हाय. दिसंना का?"

"खाली?"

"चुंबळ."

"तिच्याशिवाय नेलं तर?"

"तर डोकं फुटंल की. काय इचारता मालक, ऊन लागलं का?"

मी पळतच गल्लीच्या तोंडाला गेलो. एकसष्ट वर्षांचा माणूस, अंगभर सिमेंटचा राडा, पळत. तिथं सायकलचं दुकान. ह्या गल्लीत सायकली एवढ्या की दिवसभर पंक्चर काढतो तो. मी म्हणालो, चार ट्यूबा दे. नव्या चार घेऊन आलो. गौरीनं हुंगल्या अन् परत दिल्या.

"नव्या रबराचा वास येतोय. नाही चालणार."

परत गेलो. वर्षानुवर्षं वापरून वास गेलेल्या, पण हवा धरणाऱ्या चार जुन्या ट्यूबा शोधल्या. कौसल्यानं साबणानं तीनदा धुतल्या, गरम पाण्यात बुडवल्या, गच्चीवर उन्हात टाकल्या. गौरीनं परत हुंगल्या, मग प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या. एका बँकेच्या काउंटरचे उरलेले दोन जाड ग्रॅनाइट माझ्या गोदामात पडून होते. एकावर एक ठेवले तर चार माणसांशिवाय उचलत नव्हते. चार गडी आणले.

ओट्यावर चार ट्यूबा वेटोळ्या करून ठेवल्या, चुंबळीसारख्या. हवा अर्धीच. पूर्ण भरली तर ट्यूब दगडासारखी होते अन् मऊपणाचा उपयोग राहत नाही, हे दोनदा भरून बघितल्यावर कळलं. वर ग्रॅनाइट. वर मायक्रोस्कोप. लेव्हल लावली, एका ट्यूबमध्ये दोन फुंका जास्त भरल्या, बुडबुडा मधोमध आला.

मोटार चालू केली. गौरी टीव्हीकडं बघत होती, मी तिच्या तोंडाकडं.

"काका," ती हळूच म्हणाली, "मोटार चालू आहे का नक्की?"

मी बाहेर जाऊन कान लावून आलो. चालू होती. सुई भिंतीत खिळा ठोकल्यासारखी उभी.

गौरीनं खुर्ची ओढली, दोन्ही हात यंत्राच्या दांड्यांना लावले, कोपरं दगडावर टेकवली. अन् सगळा दगड नावेसारखा डुलला. सुई पडद्याबाहेर.

"आता काय," ती रडकुंडीला आली.

पण आता माझं डोकं चालू झालेलं होतं. "तू दगडाला शिवायचंच न्हाई. यंत्राला फक्त बोटं. कोपर दुसरीकडं." सागवानी फळी आणली, भिंतीला दोन अँगल ठोकून दगडाच्या वर अशी बसवली की दगडाला बोटभर अंतर राहिलं. कोपरं फळीवर. हात भिंतीच्या आधारानं, सुई दगडाच्या आधारानं, अन् दोघांची गाठ फक्त बोटांच्या टोकात. ह्या वेळी भिंतीत अँगल ठोकताना मी दोनदा बघितलं की तो कशाला शिवत नाही.

संध्याकाळी गौरीनं तासभर नुसता सराव केला. मग खोली पुसून, हवेचं फिल्टर चालू ठेवून सगळ्यांना बाहेर काढलं.

सोमवारी नऊला मॅडमनं सुमनची बीजं काढली. सात निघाली. त्यातली सहा पक्व. गौरीनं मला टोपी, मास्क, गाऊन घालून लॅबच्या कोपऱ्यात उभं केलं. "दगड काही बोलला तर तुम्ही लागाल," म्हणाली.

अकराच्या पुढं तिनं सुरू केलं. टीव्हीवर गोल बीज आलं. पौर्णिमेच्या चंद्रावर पारदर्शक साल असावं तसं. डाव्या नळीनं त्याला अलगद ओढून धरलं. उजव्या सुईत एक शुक्राणू, शेपटी मागं. सुई सालाला टेकली. बीज आत दबलं, वाटीसारखा खळगा पडला.  मॅडम दारात उभ्या होत्या.

अन् वर बॅच सुटली.

बेंच ओढले. जिना वाजला. दीडशे पोरं. मला पायाखालच्या फरशीत ते जाणवत होतं. ओट्याचे पाय थरथरत असणार, मला माहीत होतं. गौरीनं मान हलवली नाही. पडद्यावर सुई तशीच उभी होती. ती अजून थोडी पुढं गेली, साल पटकन सुटलं, सुई आत. एक बारका ठिपका आत राहिला. सुई बाहेर आली. बीजाचा खळगा हळूहळू भरला अन् ते परत गोल झालं.

"गेला," गौरी म्हणाली.

सहाच्या सहा तिनं अशी केली. एकही फाटलं नाही. शेवटचं झालं तेव्हाच तिनं कोपरं फळीवरून उचलली.

बाहेर बालाजी उभा होता. मी मास्क काढून म्हणालो, "सहाही झाली." तो म्हणाला, "सुई?" मी म्हणालो, "हलली न्हाई." त्यानं रुमाल तोंडाला लावला अन् पायऱ्यांवर जाऊन बसला. सुमन आत अजून गुंगीत होती.

पुढचं सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या मनाला घोर नको. पहिल्या खेपेला दोन गर्भ ठेवले, ते टिकले नाहीत. सुमन पंधरा दिवस कुणाशी बोलली नाही. उरलेले मॅडमनं गोठवून ठेवले होते. चार महिन्यांनी परत ठेवले, त्यातला एक टिकला. मुलगी झाली. कंपनीचं टेबल दीड महिन्यानं आलं, त्याच्या किमतीत दोन खोल्या झाल्या असत्या. गौरीनं ते दुसऱ्या खोलीत लावलं अन् स्वतः दगडावरच काम करत राहिली. त्यातल्या दोन ट्यूबा मी नंतर बदलून दिल्या.

धडा म्हणाल तर एवढाच. आम्ही भूकंपातून शिकलो की सगळं बांधून ठेवावं. घराला ते बरोबर आहे. पण प्रत्येक गोष्ट घर नसते. कागदावर चार बोटं जागा सोडलेली दिसली, तर सोडणाऱ्याला विचारावं का सोडली. मी विचारलं नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. त्याच मंगळवारी सकाळी साडेसहालाच गौरीचा फोन आला. बीजात शुक्राणू सोडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं असतं, आत दोन गोल दिसले म्हणजे नवऱ्याचं अन् बायकोचं जमलं. मी गेलो. तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. आत दोन बारके गोल शेजारी शेजारी, बैलांची जोडी उभी असावी तसे. सहातल्या पाचांत होते. मी परत परत बघितलं. गौरी म्हणाली, "काका, बास, त्यांना उबेत ठेवू द्या."

मी तिथून निघालो अन् जिना चढलो. वर सातची बॅच बसली होती. सरांनी मला दारात बघितलं अन् खडू खाली घेतला. पोरं दबून हसली, कुणीतरी परत हंबरायच्या बेतात होतं. मी टोपी काढली अन् म्हणालो, "शनिवारी मी तुम्हाला म्हशी म्हणलो, सरांना वाट्टेल ते बोललो. तुमचा दोष न्हवता. खालचा ओटा मी चुकीचा बांधला होता. तुमचा एक तास माझ्यामुळं गेला. अन् सरांनी सांगितलेलं बरोबर निघालं."

कुणी हंबरलं नाही. सरांनी मागच्या बेंचकडं हात केला. मग म्हणाले, "बसा मिस्त्री. मध्येच जाऊ नका, तास मोडतो."

मागच्या बेंचवर पोरं सरकली, मी बसलो. तासभर फळ्यावर काय चाललं होतं त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. घंटा झाली तेव्हा मी बेंच ओढला नाही, दोन्ही हातांनी उचलून मागं ठेवला. शेजारच्या पोरानं बघितलं अन् त्यानंही उचलला.